मालाची किंमत धरण्याच्या पद्धती आणि सॉफ्टवेअरचं अपडेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नाना पेठेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असो, मार्केट यार्डातला भुसार गाळा असो की भोसरीतलं वर्कशॉप, हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "अपडेट केलं आणि क्लोजिंग स्टॉकचा आकडा बदलला." क्लोजिंग स्टॉक म्हणजे वर्षाच्या किंवा महिन्याच्या अखेरीस उरलेला माल आणि त्याची किंमत. या तक्रारीत दोन विषय गुंतलेले असतात. मालाची किंमत कोणत्या पद्धतीने धरता हा एक, आणि सॉफ्टवेअर बदलताना काय तपासता हा दुसरा. पहिला पक्का नसेल तर दुसऱ्यात तपासायला हाती काहीच नसतं. म्हणून खालचे प्रश्नही त्याच क्रमाने घेतले आहेत.

क्लोजिंग स्टॉक सॉफ्टवेअर काढतं. मग पद्धत मी कशाला ठरवायची?

कारण सॉफ्टवेअर फक्त गुणाकार-भागाकार करतं. कोणता गुणाकार करायचा हे कुणीतरी आधी सांगितलेलं असतं. तुम्ही सांगितलं नसेल, तर बनवणाऱ्याने जे आधीच भरून ठेवलं आहे ते चालू राहतं. टॅलीत नवीन आयटम उघडला की सरासरी किंमत लागलेली असते. ओडूत पद्धत मालाच्या कॅटेगरीला जोडलेली असते. सॅपमध्ये प्रत्येक मटेरियलला 'एस' म्हणजे ठरवलेली प्रमाण किंमत किंवा 'व्ही' म्हणजे फिरती सरासरी असं चिन्ह असतं. अनेक दुकानांत मालक, अकाउंटंट आणि सीए तिघांनाही आपली पद्धत कोणती ते विचारलं तर तीन उत्तरं येतात. आजच आयटम मास्टर उघडून बघा आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा.

फिफो आणि सरासरी यांत खरोखर किती फरक पडतो?

एक बेअरिंग घेऊ. आधी 100 नग 120 रुपयांनी घेतले, नंतर भाव चढल्यावर आणखी 100 नग 138 रुपयांनी. एकूण खरेदी 25,800 रुपयांची. त्यातले 120 नग 160 रुपयांनी विकले, म्हणजे विक्री 19,200.

फिफोत, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरलं तर, विकलेल्या मालाची किंमत 100 गुणिले 120 अधिक 20 गुणिले 138, म्हणजे 14,760. उरलेले 80 नग 11,040 रुपयांचे आणि ढोबळ नफा 4,440.

सरासरीत प्रत्येक नग 129 चा. विकलेला माल 15,480, उरलेला 10,320, नफा 3,720.

माल तोच, बिलं तीच, गिऱ्हाईकही तेच. तरी एका आयटमवर 720 रुपयांचा फरक. भाव चढत असताना फिफो नफा जास्त दाखवतं आणि साठा आजच्या भावाच्या जवळ ठेवतं. भाव उतरत असले तर याच्या उलट होतं.

मग कर कमी पडावा म्हणून सरासरीच धरू का?

एवढ्यासाठी धरू नका. यंदाचा अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा असतो. या वर्षी नफा 720 ने कमी दिसला, तर तो माल विकला जाईल तेव्हा तो 720 ने जास्त दिसेल. कर पुढे ढकलला जातो, टळत नाही.

पद्धत निवडताना माल कसा आहे ते बघा. नट-बोल्ट, केबल, रंग, डाळ-तांदूळ असा एकमेकांत मिसळणारा आणि वर्षभरात अनेक भावांनी येणारा माल असेल तर सरासरी सोयीची पडते. एखाद्या चुकीच्या बिलाने ती फार हलत नाही आणि दर समजावून सांगणं सोपं जातं. लॉट नंबरने येणारा, मुदत असलेला किंवा भाव झपाट्याने बदलणारा माल असेल तर फिफो चांगलं, कारण शिल्लक मालाला अलीकडचा भाव लागतो. वर्कशॉपमध्ये एकच भाग हजारोंनी बनत असेल तर प्रमाण किंमत ठरवून फरक वेगळा दाखवणं उपयोगाचं असतं. मशीन जास्त वेळ चाललं, की पत्रा जास्त वाया गेला, हे त्या फरकातून कळतं. मात्र ती प्रमाण किंमत नियमाने तपासून सुधारायला हवी. चाकणच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या काही वर्कशॉपमध्ये ती पोलादाचा भाव वेगळाच असतानाची राहिलेली असते, आणि मग कोटेशनही चुकतं.

सॉफ्टवेअरच्या यादीत लिफो दिसतं. ते वापरलं तर?

भारतातल्या हिशेबासाठी वापरू नका. लिफोत शेवटी आलेला माल आधी गेला असं धरतात. वरच्या उदाहरणात तसं केलं तर उरलेले 80 नग 9,600 रुपयांचे दिसतील. साठ्याच्या हिशेबाचे नियम सांगणारं लेखा मानक 2 असो वा इंड-एएस 2, दोन्हींत फिफो आणि भारित सरासरीला जागा आहे, लिफोला नाही. आर्थिक वर्ष 2016-17 पासून आयकरासाठी लागू असलेल्या आयसीडीएस-2 या हिशेबाच्या मानकातही लिफो नाही. अमेरिकेत ते अजून चालतं. सॉफ्टवेअर अनेक देशांत विकलं जातं, म्हणून पर्याय यादीत राहतो. यादीत आहे म्हणजे इथे मान्य आहे, असा अर्थ काढू नका.

आम्ही हाताला येईल तो डबा देतो. मग फिफो कसं लागू होणार?

माल कपाटातून कसा निघतो आणि त्याची किंमत वहीत कशी धरली जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधांच्या घाऊक दुकानात मुदत आधी संपणारी बॅच आधी निघते आणि निघायलाच हवी. ती शेवटी खरेदी केलेली बॅचही असू शकते. हिशेबात तरीही सरासरी असू शकते. किंमत धरण्याची पद्धत हे एक गृहीतक आहे, आणि ते दरवर्षी तेच राहावं एवढीच अपेक्षा असते.

लक्ष्मी रोडवरच्या सराफी दुकानालाही हेच लागू आहे का?

सुट्या, वेगळ्या ओळखता येणाऱ्या दागिन्यांना नाही. जिथे प्रत्येक वस्तू वेगळी आहे तिथे त्या वस्तूचीच प्रत्यक्ष किंमत धरायची असते. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. टॅग आणि एचयूआयडी सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले असतील तर हे काम सोपं होतं.

दोन सॉफ्टवेअरमध्ये सरासरीच लावली आहे, तरी आकडे वेगळे का?

सरासरी कधी काढली जाते यावर ते अवलंबून आहे. समजा 100 नग 120 ने घेतले, त्यातले 60 विकले, आणि मग 100 नग 138 ने आले. फिरत्या सरासरीत उरलेले 40 नग 4,800 चे, त्यात नवीन 13,800. एकूण 140 नगांचे 18,600, म्हणजे नगाला 132.86. संपूर्ण काळाची सरासरी एकदम काढली तर मात्र 129. दोन्हीही भारित सरासरीच, आणि दोन्ही चालतात. पण एकाकडून दुसऱ्याकडे गेलात तर आकडा हलणार हे आधी माहीत हवं.

किमतीत काय काय धरायचं? भाडं, हमाली, जीएसटी?

माल तुमच्या गोडाऊनपर्यंत येण्यासाठी झालेला खर्च किमतीत जातो: गाडीभाडं, हमाली, वाराई, आयातीचा माल न्हावाशेवाहून आला असेल तर सीमा शुल्क आणि बंदराचे खर्च. व्यापारी सूट वजा होते. माल ठेवण्याचं नेहमीचं गोडाऊन भाडं, विक्रीचा खर्च, ऑफिसचा खर्च आणि असाधारण नुकसान त्यात घालायचं नाही.

जीएसटीचं उत्तर सोपं आहे. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची तुमच्या देय करातून वजावट, मिळत असेल तर तो तुमच्या वहीत किमतीचा भाग नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे क्रेडिट न घेता उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत असाल, किंवा त्या खरेदीवर क्रेडिटच मिळत नसेल, तर तो किमतीत जातो. आयकराची गणना करताना कराची रक्कम धरून वेगळं समायोजन दाखवावं लागतं, ते सीए करतात. त्यासाठी आयटम मास्टरमध्ये हात घालू नका.

अडचण बहुधा भाड्याचं बिल उशिरा येण्याची असते. तोवर निम्मा माल विकलेला असतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते भाडं मूळ खरेदीला जोडता येतं आणि विकलेल्या नगांचा वाटा विकलेल्या मालाच्या किमतीत जातो. ही सोय चालू आहे का ते पाहा. बंद असेल तर भाडं सरळ खर्चात पडतं आणि साठा कमी दिसतो.

मायनस स्टॉक दिसतो. तो नंतर आपोआप बरोबर होतो ना?

नग बरोबर होतात, किंमत होईलच असं नाही. माझ्या मते क्लोजिंग स्टॉक बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

माल आला, घाईत विकला, आणि खरेदीचं बिल दोन दिवसांनी चढवलं. विकताना वहीत शिल्लक शून्य होती. समजा 20 नग विकले आणि सॉफ्टवेअरने शेवटची माहीत असलेली 120 ही किंमत धरली. साठा उणे 20 नग, उणे 2,400 रुपये. मग 138 ने 50 नगांचं बिल चढलं, 6,900 रुपये. आता वहीत 30 नग आणि 4,500 रुपये आहेत, म्हणजे नगाला 150. हा नग तुम्ही कधीच 150 ला घेतलेला नाही. खरी किंमत 30 गुणिले 138, म्हणजे 4,140. उरलेले 360 रुपये साठ्यात फुगून बसले आणि नफाही तेवढाच फुगला.

काही सॉफ्टवेअर खरेदी चढताच मागचा हिशेब पुन्हा मांडतात, काही मांडत नाहीत. अपडेटमध्ये नेमकी हीच वागणूक बदलली तर सगळे आकडे एका रात्रीत हलतात. उपाय दोनच: मायनस स्टॉकला मनाई करणारी सेटिंग चालू ठेवा, आणि माल उतरला की बिलाची वाट न बघता आवक चलन चढवा. काउंटरवर गर्दी असताना हे जड जातं हे खरं आहे, पण आवक नोंदवायला नग आणि तारीख पुरते, दर नंतर भरता येतो.

मागच्या तारखेची एंट्री टाकली तर काय होतं?

त्या तारखेनंतरच्या प्रत्येक विक्रीची किंमत बदलू शकते. ऑगस्टमध्ये बसून मेचं बिल चढवलं की मे ते ऑगस्टचा नफा हलतो. एप्रिल ते मार्चचा हिशेब सीएंकडे गेल्यावर तो काळ लॉक करा. लॉक उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे असू द्या.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. तेव्हा साठ्याची किंमत बदलायला हवी होती का?

नियमित करदात्याच्या वहीत साठा कराशिवाय धरलेला असतो, त्यामुळे केवळ दर बदलला म्हणून किंमत बदलत नाही. नाना पेठेत हा प्रश्न खूप विचारला गेला, कारण 28 टक्क्यांत असलेले गाड्यांचे सुटे भाग 18 टक्क्यांवर आले. कंपोझिशनवाल्यांच्या जुन्या मालात मात्र जुना कर बसलेला आहे आणि तो तसाच राहतो.

सॉफ्टवेअरमध्ये नवीन दर लागू तारखेसह भरायचा असतो, जुन्या दरावर लिहून टाकायचा नसतो. कारण त्या तारखेआधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघते. ज्यांनी जुना दर पुसला त्यांना अशी प्रत्येक नोट हाताने दुरुस्त करावी लागते.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या मालाचं काय?

खरेदी किंमत आणि तो विकून हातात येईल ती निव्वळ रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची, आणि तीही शक्यतो आयटमप्रमाणे. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या चेतकचे सुटे भाग अजून काही दुकानांत आहेत. काहींना हौशी गिऱ्हाईक मिळतं आणि चांगला भाव येतो, काही भंगाराच्या दराने जातील. दोन्हींना एकच टक्का लावून किंमत उतरवणं चूक आहे. सॉफ्टवेअर हे आपोआप करत नाही. त्याच्याकडून शेवटची विक्री कधी झाली याची यादी मिळते, निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. आणखी एक: माल पूर्ण निर्लेखित केला (वहीतून काढून टाकला), हरवला किंवा नष्ट झाला, तर त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. नुसती किंमत कमी धरली तर ते लागू होत नाही.

जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्यासाठी, आलेला पत्रा आमच्या साठ्यात येतो का?

नगात किंवा किलोत येतो, रुपयांत नाही. माल मालकाचाच राहतो. वेगळं गोडाऊन उघडून शून्य किमतीने नोंद ठेवा. पाठवणाऱ्यासाठी कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा अशी जीएसटीची अट आहे, त्यामुळे चलनाची तारीख नीट हवी.

बँकेला दिलेला स्टॉक स्टेटमेंटचा आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाही. चालतं का?

चालवू नका. सीसी (कॅश क्रेडिट) खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, त्या स्टेटमेंटवर ठरते. बँकेला शेवटच्या खरेदीच्या भावाने आणि वहीत सरासरीने, असं अनेकजण करतात. कंपनी असाल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं वहीशी जुळतात का, हे ताळेबंदाच्या टिपांमध्ये सांगावं लागतं. स्टेटमेंट सॉफ्टवेअरमधूनच, त्याच पद्धतीने काढा.

सगळं नीट चालू आहे. मग अपडेट करायचंच कशाला?

कायदा बदलतो, पोर्टलची रचना बदलते आणि सुरक्षेची भोकं बुजवावी लागतात. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची सक्ती, 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झाली. ज्यांचं सॉफ्टवेअर जुनं होतं त्यांना पोर्टलवर हाताने बिलं चढवावी लागली. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि पेठांतल्या कित्येक काउंटरवर अजून तोच संगणक आहे. तरीही नवीन मोठं व्हर्जन आलं त्याच दिवशी चढवा असं मी सांगणार नाही. छोटे दुरुस्तीचे पॅच लवकर घ्या. मोठ्या व्हर्जनला काही आठवडे जाऊ द्या, बदलांची टिपणी वाचा, मग घ्या.

अपडेट करायच्या आधी नेमकं काय करायचं?

आधी दिवस निवडा. मार्चअखेर नको, महिन्याच्या 11 तारखेआधी जीएसटीआर-1 ची आणि 20 आधी 3बीची, म्हणजे जीएसटीची विवरणं भरण्याची, गडबड असते, तेव्हाही नको. भोसरी-पिंपरी पट्ट्यात अनेक वर्कशॉप गुरुवारी बंद असतात, तो दिवस सोयीचा. फक्त वीज असणार आहे ना याची खात्री करा, कारण डेटा नव्या रचनेत बदलत असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते.

मग आजची स्थिती गोठवून ठेवा. आयटमप्रमाणे नग, दर आणि रक्कम असलेली साठ्याची पूर्ण यादी काढा, गोडाऊनप्रमाणेही. तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढा. मायनस आयटमची यादी आणि कोणत्या आयटमला कोणती पद्धत लावली आहे ती यादी काढा. सगळं एक्सेलमध्येही ठेवा, म्हणजे नंतर ओळीला ओळ लावून फरक काढता येतो. स्वतःसाठी खास बनवून घेतलेल्या बिलाचा नमुना, बारकोडची जोडणी, रिपोर्ट यांची नोंद करा. मोठ्या अपडेटमध्ये हेच आधी तुटतं.

बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डेटा एकदा नव्या व्हर्जनमध्ये गेला की जुन्यात उघडत नाही, म्हणून परत फिरायचा रस्ता म्हणजे तो बॅकअप आणि जुन्या व्हर्जनची इन्स्टॉल फाइल. त्यानंतर अपडेट आधी या प्रतीवर चालवा, खऱ्या डेटावर नाही.

अपडेटनंतर आकडा बदललाच. शोधायला सुरुवात कुठून करू?

एकूण रकमेकडे बघत बसू नका, आधी नग बघा. नग बदलले असतील तर एखादी एंट्री सुटली आहे, दुसऱ्या गोडाऊनला गेली आहे, किंवा डझन-नग, किलो-टन असं एककाचं रूपांतर बिघडलं आहे.

नग तेच आणि रक्कम वेगळी असेल तर पाच जागा तपासा: पद्धतीची सेटिंग मूळ पर्यायावर परत गेली का, दशांश किती घरांपर्यंत धरले जातात, मायनस स्टॉकला कोणता दर लागतो, भाडं-हमाली किमतीत जोडण्याची सोय चालू आहे का, आणि एकाच तारखेच्या खरेदी-विक्रीचा क्रम. हा शेवटचा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी विक्री आणि दुपारी खरेदी अशी नोंद असेल आणि नवीन व्हर्जन आवक आधी धरत असेल, तर फिरती सरासरी बदलते.

सर्वांत मोठा फरक असलेले चार-पाच आयटम घ्या आणि त्यांचा हिशेब कागदावर मांडा. फरकाचं कारण सहसा तिथेच सापडतं. कारण सापडेपर्यंत 'स्टॉक ॲडजस्टमेंट'ची एंट्री टाकून आकडा जुळवू नका. तशी एंट्री फरक झाकते आणि पुढच्या वर्षी तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, अपडेट आपोआप येतं. मग?

तारीख तुमच्या हातात नाही, तपासणी आहे. दर महिन्याच्या अखेरीस साठ्याची यादी उतरवून ठेवा. मागच्या महिन्याची यादी आज त्याच तारखेची पुन्हा काढली तर तोच आकडा यायला हवा. नाही आला, तर कुणीतरी मागची एंट्री केली आहे किंवा हिशेबाची रीत बदलली आहे.

एडिट लॉग बंद करता येतो का? त्याने सॉफ्टवेअर हळू चालतं.

कंपनी असाल तर नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय हवी आणि ती बंद करता येऊ नये, असा नियम आहे. मालकीच्या किंवा भागीदारीच्या व्यवसायाला ही सक्ती नाही. पण कुणी कधी कोणता दर बदलला हे त्यातूनच कळतं, त्यामुळे मी त्यांनाही तो चालू ठेवायला सांगतो.

पद्धतच बदलायची असेल तर अपडेटबरोबरच उरकून टाकू का?

दोन्ही एकत्र करू नका. आकडा हलला तर कशामुळे हलला हे कळणार नाही. आधी अपडेट, मग जुन्या पद्धतीने आकडे जुळवून घेणं, आणि पद्धतीतला बदल नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, सीएंशी बोलून. आयकरासाठी बदलाला सयुक्तिक कारण लागतं, आणि त्याचा नफ्यावर किती परिणाम झाला ते हिशेबात दाखवावं लागतं. नफा कमी दिसावा हे कारण मानलं जात नाही. व्यवसायाचं स्वरूप बदललं, लॉटप्रमाणे माल येऊ लागला, ही कारणं आहेत.

प्रत्यक्ष मोजणी वर्षातून किती वेळा करावी?

पाडव्याला वहीपूजन करताना माल लावण्याची रीत पुण्यात अजून अनेक दुकानांत आहे. त्याच वेळी एक मोजणी होऊन जाऊ द्या. 31 मार्चची मोजणी तर हवीच. पण सगळा माल एकदम मोजायला दुकान बंद ठेवण्यापेक्षा, महागड्या आणि जास्त फिरणाऱ्या आयटमचे गट करून दर आठवड्याला एक रॅक मोजणं जास्त कामाचं. मोजणाऱ्याच्या हातात वहीतले नग लिहिलेली यादी देऊ नका, कोरा कागद द्या, आणि मोजणी चालू असेपर्यंत त्या रॅकची विक्री थांबवा.